पाणी काढलेली मराठी

कोणत्याही वस्तूचं खरं स्वरूप जाणून घ्यायचं असेल, तर आधी तिला एकटं पाडावं लागतं. भोवतीची माणसं, पाणी, ऊब, सगळं काढून घेतलं की जे उरतं, ते खरं. सुनांच्या बाबतीत सासरच्या मंडळींना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. विज्ञानाला अलीकडे कळलं. (उशीर झाला, पण त्यांची यंत्रं चांगली आहेत.)

म्हैसूरहून धरणाकडे जाताना बेळगोळचा कारखान्यांचा पट्टा लागतो. तिथल्या एका संशोधन संस्थेत असं एक यंत्र आहे, आणि त्या यंत्रामागे डॉ. विक्रांत निमकर आहेत. मूळचे नाशिकचे, म्हैसुरात येऊन बरीच वर्षं झालेली, स्वभावाने इतके सौम्य की चहात साखर घालायची राहिली तर आपलीच जीभ बिघडली असं समजून पितात. ते पेप्टाइडचा आकार शोधतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. मणी ओवलेला सर म्हणा. फरक इतकाच, की सर खाली टाकला तर कसाही पडतो आणि पेप्टाइड स्वतःची ठरावीक घडी घालून बसतं. शरीरात ते काय काम करणार हे त्या घडीवर अवलंबून असतं. संसारासारखंच आहे, घडी बसली तर बसली.

आमच्या मराठी मंडळाने डॉक्टरांना मासिक व्याख्यानाला बोलावलं. मंडळाचा हॉल लष्कर मोहल्ल्यात आहे. खाली पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान, वर मराठी संस्कृती. व्याख्यान शुद्ध मराठीतच द्यायचं असा आमचा नियम आहे, त्यामुळे 'कोल्ड आयन लेसर स्पेक्ट्रोस्कोपी'चं डॉक्टरांनी कोश बघून 'शीत-भारकण-किरण-वर्णपटमापन' असं केलं होतं, आणि सुरुवातीचा बराच वेळ ते नाव श्रोत्यांच्या तोंडी बसवण्यात गेला. नंतर त्यांनी सांगितलं ते असं.

पेप्टाइड पाण्यात विरघळवायचं. ते पाणी केसाएवढ्या बारीक सुईतून, हजारो व्होल्टचा दाब लावून, फवारायचं. थेंब सुकत जातात, पाणी उडून जातं, आणि एकटं पेप्टाइड उरतं, अंगावर विजेचा भार घेऊन. ही झाली वायू-अवस्था. (इथे पहिल्या रांगेतले दोन ज्येष्ठ सभासद सावरून बसले. वायूवर काही उपाय मिळेल अशी त्यांची समजूत होती, आणि व्याख्यान संपेपर्यंत ती कोणी काढली नाही.) मग त्या एकट्या जिवाला निर्वात सापळ्यात धरायचं आणि उणे दोनशे त्रेसष्ट अंशांपर्यंत गार करायचं. उबेत तो सारखा कूस बदलत असतो. एवढ्या गारठ्यात एका घडीत थिजतो. मग त्याच्यावर लेसरचा झोत सोडायचा आणि झोताचा रंग हळूहळू बदलत न्यायचा. एखादाच रंग त्याला लागतो. तो रंग तो गिळतो, आणि तुटतो. कोणकोणत्या रंगांना तुटला हे मांडलं, की झाला वर्णपट.

"पण लागलं हे तुम्हाला कळतं कसं?" भुजंगरावांनी विचारलं. भुजंगराव आमचे उपाध्यक्ष. घराणं रंगाऱ्यांचं, कैक पिढ्या म्हैसुरात. आता धंदा मोबाइलच्या कव्हरांचा.

"तुटल्यावरच कळतं," डॉक्टर म्हणाले. "सापळ्यातले कण इतके थोडे असतात, की प्रकाश किती कमी झाला हे मोजता येत नाही. तुकडा पडला, की समजायचं लागलं."

"आमच्या थोरल्या वहिनीचं असंच होतं," भुजंगराव म्हणाले. "तोवर हसत असायची."

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पुढची पायरी सांगितली. नुसत्या वर्णपटावरून आकार कळत नाही. त्यासाठी संगणकावर शेकडो संभाव्य घड्या आधी मांडून ठेवतात, प्रत्येकीचा वर्णपट गणिताने काढतात आणि जी जुळेल ती खरी धरतात. गणित आणि प्रयोग नेमके जुळत नाहीत, म्हणून गणिताच्या आकड्यांना एका गुणकाने गुणतात. साधारण शून्य पूर्णांक शहाण्णव. म्हणजे जुळतं.

"म्हणजे जुळवतात," भुजंगराव म्हणाले.

"सगळीकडे मान्य आहे ते," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

इथपर्यंत सगळं विज्ञान होतं. मग आमचे अध्यक्ष अनुराग सबनीस उभे राहिले. सबनीस पुण्याचे, एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि कुठल्याही विषयातून मंडळाच्या उपयोगाचं काय ते वेचून काढणारे. ते म्हणाले, "डॉक्टर, थोडक्यात सांगायचं तर, भोवतालचं पाणी काढून टाकलं की मूळ रूप दिसतं. बरोबर? मग एखाद्याला इथलं पाणी लागलंय की नाही, तेही या पद्धतीने ओळखता येईल?"

डॉक्टरांना हा प्रश्न पेप्टाइडबद्दलचा वाटला. पाण्याचे एकदोन रेणू पेप्टाइडला चिकटून राहिले असतील तर वर्णपटात ते दिसतातच. ते म्हणाले, "तत्त्वतः, हो."

आपल्याकडे जे जे म्हणून झालं आहे, ते या दोन शब्दांनंतर झालं आहे.

भुजंगरावांनी आणखी एक शंका विचारली होती. "मग पाण्यातली घडी खोटी का हो?" यावर डॉक्टर पहिल्यांदाच जरा जोरात म्हणाले, "नाही, नाही. शरीरात पाणीच असतं ना. पाण्यात पाणीच त्याला धरून असतं. ते काढून घेतलं, की भार असलेलं टोक धरायला काहीतरी शोधतं. काही सापडत नाही. मग ते वळतं आणि स्वतःच्याच अंगाला धरतं." हे सांगताना त्यांनी आपला उजवा हात वळवून डाव्या खांद्याला धरून दाखवला. हे इतिवृत्तात आलेलं नाही, कारण नेमक्या त्याच वेळी कोथिंबीरवड्या आल्या.

पाणी लागण्याचा प्रश्न सबनीसांना का पडला, हे सांगायला हवं. मंडळात दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग भरतो. वीसेक वर्षं तो कमलिनीबाई घेत होत्या. बाई भुजंगरावांच्याच जातकुळीतल्या, इथल्या जुन्या मराठी घरातल्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज हॉलच्या मानाने दुप्पट. नवरा गेलेला. मुलगा बंगळुरात असतो आणि आईशी फोनवर कन्नडमध्ये बोलतो, कारण त्याला तेच सोपं जातं. घरात बाईंशी मराठी बोलणारं कोणी उरलेलं नव्हतं. रविवारी मात्र तीस-पस्तीस जण असत, सगळे चार फुटांच्या आतले. वर्ग गेला असता तर बाईंचं काय गेलं असतं याचा हिशेब मंडळाने केलेला नाही, आणि तो मंडळाच्या कार्यकक्षेतही येत नाही.

बाईंची मराठी अशी:

"ए मरी, सुम्मने बस की रे जरा. आद्रे मागच्या रविवारी का आला नाहीस मत्ते? ऊटा करून आलास का तसाच पळत आलास?"

(मरी म्हणजे बाळ. ऊटा म्हणजे जेवण. आद्रे म्हणजे पण, मत्ते म्हणजे मग. सुम्मने म्हणजे काय हे मराठीत सांगता येत नाही. उगीच, गप, काही न करता आणि काही न मागता, असं सगळं मिळून.)

मुलांना हे सगळं कळत असे. अडचण ती नव्हती. अडचण अशी झाली, की सबनीसांच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आजीला सांगितलं, "आज्जी, मला भात साकु." साकु म्हणजे पुरे. आजीने विचारलं, "साकू कोण रे? वर्गातली का?" आणि मग सुनेला बाजूला घेऊन ती मुलगी कोणाची, डबा आणत नाही का, अशी चौकशी केली. सुनेचं नाव वल्लरी. वल्लरीने पुण्यात भाषा या विषयात पदवी घेतलेली आहे. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. पुढचं सगळं संस्थात्मक आहे.

पुढच्या सभेत 'भाषाशुद्धी (तांत्रिक) उपसमिती' नेमण्यात आली. उद्दिष्ट असं, की मंडळातर्फे मराठी शिकवणारी किंवा मराठीबद्दल निर्णय घेणारी प्रत्येक व्यक्ती पाणीरहित अवस्थेत तपासली जावी, आणि तिची मूळ घडी मराठी असल्याची शास्त्रीय खात्री करून घ्यावी. भुजंगराव म्हणाले, "आमच्या धंद्यात कापड आधी भिजवून घ्यावं लागायचं. कोरड्यावर रंग टाकला तर नुसते डाग पडतात." ही सूचना विषयांतर म्हणून नोंदवण्यात आली.

चाचणीची जागा म्हणून हॉलमागची कमिटी रूम ठरली, कारण तिथे एसी आहे. एसी सोळा अंशांच्या खाली जात नाही. डॉक्टरांचा सापळा उणे दोनशे त्रेसष्टवर चालतो. हा दोनशे एकोणऐंशी अंशांचा फरक ठरावाने दूर करण्यात आला. (सूचक: सबनीस. अनुमोदक: वल्लरी सबनीस. विरोधी: कोणी नाही; भुजंगराव मफलर शोधत होते.)

कार्यपद्धती डॉक्टरांच्या व्याख्यानाबरहुकूम होती. पहिली पायरी बाष्पीभवन: नमुन्याला त्याचा जोडीदार, फोन, पिशवी आणि ओळखीची माणसं यांपासून वेगळं करणं. दुसरी सापळा: दार लावणं. तिसरी शीतकरण. इथे एक शास्त्रीय अडचण होती. सापळ्यात कण गार करायला हेलियम वायू सोडतात. हेलियमचा गुण असा, की तो कोणाशीही संयोग पावत नाही. नुसता येऊन धडकतो आणि समोरच्याची ऊब घेऊन निघून जातो. हे काम आमच्या खजिनदारांना, येसाजीरावांना, एकमताने देण्यात आलं. येसाजीराव मंडळात कोणाशी बोलत नाहीत. नमुन्यासमोर खुर्ची टाकून बसायचं, काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, एवढीच जबाबदारी होती. त्यांनी ती ऐकून घेतली आणि काही म्हणाले नाहीत, तेव्हाच निवड योग्य झाल्याची सर्वांना खात्री पटली.

चौथी पायरी लेसर. आधी सौम्य किरण, म्हणजे 'जेवलात का?' त्यानंतर तीव्र किरण, म्हणजे त्या त्या नमुन्याला नेमका लागेल असा प्रश्न. तो प्रश्न लागल्यावर नमुन्यातून जो पहिला शब्द सुटून पडेल, ती त्याची मूळ भाषा. दाराला काच आहे. काचेबाहेर एक खुर्ची महिला निरीक्षकासाठी राखीव होती, कारण उपसमितीत महिला प्रतिनिधी असावी असा नियम आहे. ती खुर्ची मला मिळाली.

सुरुवात प्रमाण-नमुन्याने करायची असते. शुद्ध मराठी कशी दिसते हे ठाऊक नसेल तर अशुद्ध ओळखणार कशी? प्रमाण-नमुना कोण, यावर पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि लातूर या चार मतांमध्ये दीर्घ चर्चा झाली. अखेर स्वतः अध्यक्षांनी त्याग केला आणि ते आत गेले.

अनुराग सबनीस सोळा अंशांत, येसाजीरावांसमोर, फोनविना बराच वेळ बसले. सौम्य किरणाला त्यांनी "हो, आत्ताच जेवून आलो" असं निर्दोष उत्तर दिलं. मग भुजंगरावांनी दार किलकिलं करून तीव्र किरण सोडला.

"अध्यक्ष, तुमच्या मुलाला मराठी पुस्तक वाचता येतं का?"

काचेतून स्पष्ट दिसलं, की लागलं. सबनीस म्हणाले, "ॲक्च्युअली..."

त्या दिवशी मंडळाच्या कार्यकारिणीतले अकरा नमुने तपासण्यात आले. तीव्र किरण प्रत्येकाला वेगळा होता: आईला शेवटचं पत्र कधी लिहिलंत, मातृभूमीला परत कधी जाणार, गणपतीची आरती कागद न बघता म्हणता का, वगैरे. निष्कर्ष असे. नऊ नमुने 'ॲक्च्युअली' असे तुटले. वल्लरी सबनीस यांचा नमुना 'एक्सक्यूज मी' असा तुटला. नागपूरचा एक नमुना 'काहून?' असा तुटला, आणि तो शब्द मराठी मानावा की कसं, हे ठरवायला पोटसमिती नेमली आहे. तिचा अहवाल यायचा आहे.

कोणाला वाटेल, आता उपसमिती अडचणीत आली. तिला विज्ञान कळलेलं नाही. गणित आणि प्रयोग नेमके जुळत नसतात, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. गुणक लावायचा असतो. उपसमितीने असं ठरवलं, की 'ॲक्च्युअली' हा शब्द शिक्षित मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे, की तो व्यवहारात मराठीच होय, आणि त्याला शून्य पूर्णांक शहाण्णवने गुणलं असता तो 'खरं म्हणजे' इतका शुद्ध ठरतो. 'एक्सक्यूज मी'लाही हाच गुणक. अकरापैकी दहा नमुने उत्तीर्ण झाले. भुजंगरावांनी विचारलं, "हा गुणक कन्नड शब्दांना लागेल का?" तो फक्त आंतरराष्ट्रीय शब्दांना लागतो, असा खुलासा त्यांना मिळाला. भुजंगराव म्हणाले, "मग मला आत पाठवू नका. मला गारठा सोसत नाही." त्यांना वयामुळे सूट देण्यात आली.

कमलिनीबाई शेवटी आल्या. मुलांनी त्यांना आत फार थंड असतं असं सांगून ठेवलं होतं, म्हणून स्वेटर घालून आल्या होत्या. दाराशी माझ्याजवळ थांबल्या.

"अगे, काय विचारतात गे आत?"

"जेवलात का, असं विचारतात."

"एवढंच? मग त्याला एवढं थंड कशाला केलं?"

स्वेटर पाण्याचा अवशेष ठरतो, असं सांगून काढून घेण्यात आला. पिशवीही. पिशवीत मुलांसाठी बत्तासे होते. ते नमुन्याचे घटक नसल्याने बाहेर ठेवले. बाई आत गेल्या, दार लागलं. समोर येसाजीराव. येसाजीराव हे बाईंच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. लग्नात करवल्याचा मान त्यांना होता.

"काय रे येसाजी," बाई म्हणाल्या, "ऊटा झालं?"

हेलियम उत्तर देत नाही. येसाजीराव जमिनीकडे बघत राहिले.

"बरं नाही का रे तुला? का माझ्यावर सिट्टु? मी काय केलं गड्या?" (सिट्टु म्हणजे राग.)

या वेळी हेलियमची मान किंचित हलल्याचं मला दिसलं. मी तसं कळवलं. तो तांत्रिक दोष मानण्यात आला.

मग बाई बोलायच्या थांबल्या. थोडा वेळ त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर मंडळाच्या माजी अध्यक्षांचे फोटो आहेत, त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात काखेत घातले, खांदे आवळून घेतले आणि तशाच बसून राहिल्या. सबनीसांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि नोंद केली: 'घडी स्थिर झाली. प्रकार: हाताची.'

सौम्य किरण सोडण्यात आला. "बाई, जेवलात का?"

"झालं की. तू जेवलास? तोंड सुकलंय बघ तुझं." (प्रतिप्रश्न कार्यपद्धतीत बसत नसल्याने गाळला.)

तीव्र किरण स्वतः अध्यक्षांनी सोडला. ते काही वाईट मनाने बोलले नाहीत. लिहून आणलेलं वाचून दाखवल्यासारखं बोलले. "बाई, तुमच्यामुळे आमच्या मुलांची मराठी बिघडते, हे तुम्हाला मान्य आहे का?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग येसाजीरावांकडे. येसाजीराव अजून जमिनीकडेच बघत होते. बराच वेळ काही तुटलं नाही, तेव्हा किरणाची तीव्रता वाढवावी का, असं सबनीस दबक्या आवाजात विचारू लागले. तेवढ्यात बाई म्हणाल्या,

"सरि."

सरि म्हणजे बरं, ठीक, बरोबर आहे. एवढं बोलून त्या उठल्या, दार उघडून बाहेर आल्या, स्वेटर न घालता हातावर टाकला आणि जिन्याने खाली गेल्या. बत्ताशांची पिशवी राहिली. ती परत करण्याचा ठराव पुढच्या सभेत येणार आहे.

निष्कर्षावर मतभेद होण्याचं कारणच नव्हतं. 'सरि' हा शब्द कन्नड आहे, म्हणजे मूळ घडी कन्नड. आणि त्याचा अर्थ 'मान्य आहे', म्हणजे आरोप मान्य. एकाच शब्दात पुरावाही आणि कबुलीही. विज्ञानात इतकी काटकसर क्वचित पाहायला मिळते.

वर्ग वल्लरीताईंकडे गेला. (उत्तीर्णांमध्ये रविवारी मोकळ्या असलेल्या त्या एकट्याच होत्या.) वल्लरीताई मन लावून शिकवतात, हे इथे मुद्दाम नोंदवते. वर्गाची स्थिती आता शास्त्रीय आहे. खिडक्या बंद असतात, कारण खालून पत्र्यावाल्याचं बोलणं आणि कोपऱ्यावरून "हुणसूर, हुणसूर" अशी कंडक्टरची आरोळी आत येते, आणि भाषा फार लवकर ओली होते. मुलं हाताची घडी घालून बसतात. तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासून घेतात. पहिल्याच महिन्यात चुकांचं प्रमाण शून्यावर आलं. (वाक्यांचं प्रमाणही त्याच सुमारास तितकंच झालं, दोहोंचा संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही.) पटावर तीस-पस्तीस नावं आहेत, त्यांतली सहा येतात. सबनीसांचा मुलगा येतो. आजीने पुण्याहून विचारलं, "भात हवा का रे?" तर तो म्हणतो, "नो, थँक यू." आजी आता कोणाची चौकशी करत नाही.

कमलिनीबाई दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, त्यामुळे भेटतात. दूधवाल्याकडे, फुलवालीकडे, देवळात. वल्लरीताईंनी एकदा स्वतःहून त्यांना थांबवलं, हात हातात घेतला.

"कमलिनीताई, कशा आहात? दिसला नाहीत बरेच दिवस."

"चेन्नागिद्दीनि," बाई म्हणाल्या. "नीवु हेगिद्दीरा?"

मी बरी आहे, आपण कशा आहात. स्वच्छ, व्याकरणशुद्ध कन्नड. मराठीचा एक थेंबही नाही. मलाही तसंच म्हणाल्या. मला त्या माझ्या लग्नापासून 'अगे' म्हणतात. आता 'नीवु' म्हणतात. कन्नडमध्ये नीवु हा आदरार्थी शब्द आहे. वडीलधाऱ्यांना, अधिकाऱ्यांना आणि परक्यांना म्हणतात. मी काही वडीलधारी नाही आणि अधिकारी तर नाहीच.

येसाजीरावांशीही बाई अशाच बोलतात, म्हणे. येसाजीरावांनी मंडळाचा राजीनामा दिला. कारण लिहिलेलं नव्हतं, म्हणून 'प्रकृती' असं भरून घेतलं.

हे सगळं उपसमितीच्या कानावर गेलं, तेव्हा तिथे समाधान व्यक्त झालं. चाचणीनंतर नमुना पूर्णपणे कन्नडमध्ये गेला, याचा अर्थ निदान अचूक होतं. याहून मोठा पडताळा कोणत्या शास्त्राला मिळतो? अंतिम अहवाल तयार झाला आणि तज्ज्ञ म्हणून सही करायला डॉ. निमकरांना बोलावण्यात आलं.

डॉक्टर आले. त्यांना आपल्या व्याख्यानाचं पुढे काय झालं हे ठाऊक नव्हतं; ते बेळगोळला असतात, आणि तिथे उणे दोनशे त्रेसष्ट अंशांत बाहेरची बातमी पोचत नाही. त्यांनी अहवाल पहिल्या पानापासून वाचला. 'सरि'पाशी आले, मागे गेले, पुन्हा तिथे आले. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"तुम्ही त्यांना तोडलंत," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, की तुटल्यावरच कळतं," सबनीस म्हणाले. "आम्ही पद्धत तंतोतंत पाळली आहे."

"पण आमचं जे तुटतं ते आम्ही पंपाने बाहेर टाकून देतो. त्याचा परत काही उपयोग नसतो. पुढच्या झोतासाठी सुईतून नवीन घेतो. आमच्याकडे एकेका थेंबात अब्जावधी असतात." डॉक्टरांनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला. "तुमच्याकडे किती होत्या?"

भुजंगराव उठून खिडकीपाशी गेले आणि तिची खिटी उघडते का ते बघू लागले.

सबनीस हे प्रश्न अनुत्तरित ठेवणारे अध्यक्ष नाहीत. त्यांनी अहवालात एक ओळ वाढवून घेतली: 'नमुन्यांची संख्या: एक. पुरेशी.' डॉक्टरांनी सही केली नाही. त्याची गरजही नव्हती. त्यांची 'तत्त्वतः' संमती पहिल्या दिवसापासून नोंदलेली आहे. अहवाल आता इतर शहरांतल्या मंडळांकडे मार्गदर्शनार्थ पाठवला जात आहे, आणि मागणी बरी आहे.

वाचकांपैकी काहींना ही हकीगत वाचून वाईट वाटलं असेल. सबनीसांचा रागही आला असेल. चांगलं आहे. तेवढ्यात एक बारीकसं काम करून टाका. या लिखाणात कन्नड शब्द जिथे जिथे आले, तिथे तुमची नजर अडखळली. ते कुठे कुठे होते हे तुम्हाला आत्ता, न बघता, बोट ठेवून सांगता येईल. इंग्रजी शब्द त्याहून बरेच जास्त होते. ते किती, हे सांगायला मात्र तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल.

वाचा. सावकाश वाचा. खोलीत तुम्ही एकटेच आहात.